परतीचे दोर

मराठीत डोंगर चढण्याविषयीचे लेखन पुष्कळ आहे. डोंगरावरून परत फिरण्याविषयीचे अत्यल्प आहे, आणि जे आहे ते वाचण्याची रीत आपल्या समीक्षेने घडवलेली नाही, असा आमचा आरोप आहे. हा आरोप गिर्यारोहकांवर नाही. ते परत फिरतात म्हणूनच पुढे लिहायला उरतात. आरोप आहे तो त्यांचे लेखन छापणाऱ्यांवर, त्याला पुरस्कार देणाऱ्यांवर, ते वर्गात शिकवणाऱ्यांवर आणि स्नेहसंमेलनात 'प्रेरणादायी' म्हणून त्याचा गौरव करणाऱ्यांवर. शिखर गाठले की लेखन संपले, शिखर राहिले की लेखनच नाही, असा एक अलिखित नियम मराठी गिरिसाहित्याला लागला आहे. त्याने एका चांगल्या वाङ्मयप्रकाराचे नुकसान झालेच. परंतु वाङ्मयाबाहेर झालेले नुकसान त्याहून मोठे आहे, आणि प्रस्तुत लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे.

निमित्त आहे ते 'सोलो' लेखनाचे. गेल्या काही वर्षांत डिसेंबर-जानेवारीच्या ऐन थंडीत उत्तराखंड-हिमाचलाकडे जाऊन बर्फातला एखादा डोंगर एकट्याने चढण्याची ओढ मराठी तरुणांत वाढली आहे. केदारकांठ्यासारखे सुमारे ३,८०० मीटर उंचीचे शिखर भर हिवाळ्यात माणसांनी गजबजलेले असते, आणि त्या गजबजाटातही आपण 'एकटे' होतो असे सांगणारी वर्णने दिवाळी अंकांपासून समाजमाध्यमांपर्यंत सर्वत्र आढळतात. एकटे जाण्याला आमचा विरोध नाही. ज्याला जावेसे वाटते त्याने जावे. आक्षेप आहे तो वर्णनाच्या साच्याला. पहाटे तंबूबाहेर पडणे, गुडघाभर बर्फ, बधिर झालेली बोटे, 'आता पुरे' असा एक दुबळा विचार, मग आईची किंवा शिवाजी महाराजांची आठवण, निर्धार, माथा, सूर्योदय, डोळ्यांत पाणी. येथे मजकूर संपतो. उतरणीला एखादे वाक्य मिळते, कित्येकदा तेही मिळत नाही. जणू लेखक त्या माथ्यावरूनच परस्पर घरी पोहोचला!

जिंतुरात बसून बर्फाच्या डोंगरावर लिहिण्याचा तुम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आमच्या गावाजवळचा डोंगर म्हणजे नेमगिरी. तेथील जैन लेण्यांपर्यंत जायला ना दोर लागतो, ना बर्फात रोवायची कुऱ्हाड. मराठवाड्याने जमीन पांढरी झालेली पाहिली ती २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीत, आणि त्या पांढरेपणाखाली हाताशी आलेला रब्बी हंगाम आडवा झाला होता. हिम आमच्याकडे सौंदर्य म्हणून येत नाही. परंतु हिमशिखराचे रूपक मात्र आमच्याकडे रोज येते. प्रवेशाच्या जाहिरातीत ते असते, निरोप-समारंभाच्या भाषणात असते, स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीच्या फलकावर असते. 'आपापले एव्हरेस्ट सर करा' हे वाक्य ज्या मुलाने आयुष्यात कधी स्वेटर विकत घेतला नाही त्यालाही पाठ असते. रूपक जर इथवर येते, तर त्याची झडती घेण्याचा अधिकारही इथे असलाच पाहिजे.

प्रथम शब्दांकडे पाहू, कारण आपल्या व्यवसायाचे भांडवल तेच आहे. मराठी गिर्यारोहणाची परिभाषा पाहा: मोहीम, चढाई, तळ, आघाडी, सर करणे, पादाक्रांत करणे, झेंडा रोवणे, शिखरवीर. यांतील जवळजवळ प्रत्येक शब्द छावणीतून आला आहे. 'सर करणे' हा फारसी वळणाचा प्रयोग आपण मुळात किल्ल्यासाठी आणि मुलखासाठी वापरत होतो. तो जसाच्या तसा कांचनजंगेला लावला. आता परत येण्याचे शब्द पाहा: माघार घेणे, पाठ दाखवणे, काढता पाय घेणे, पळ काढणे, शेपूट घालणे, कच खाणे. बर्फात वादळाची चाहूल लागल्यावर वेळेत मागे फिरणाऱ्या शहाण्या माणसाला देण्यासाठी मराठीजवळ सन्मानाचे एकही क्रियापद नसावे, ही साधी गोष्ट नव्हे. भाषा जे सांगू देत नाही ते लेखक सांगत नाही, आणि जे सांगितले जात नाही ते पुढच्या पिढीला सुचत नाही.

या शब्दसंपदेच्या मुळाशी एक कथा आहे आणि ती आपल्या सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी १६७०, माघातली रात्र, कोंढाण्याचा कडा. तानाजी मालुसरे पडले, मावळे कड्याकडे धावले, आणि सूर्याजींनी सांगितले की परतीचे दोर कापून टाकले आहेत. पोवाडे, हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी, पाठ्यपुस्तके आणि चित्रपट यांतून ही कथा मराठी मनात इतकी मुरली आहे की 'परतीचे दोर कापणे' हा आता वाक्प्रचारच झाला आहे. मराठी माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी चढाई ही रात्रीची, थंडीतली आणि परतीचे दोर कापलेली चढाई आहे. आमचे म्हणणे असे की, आपले सारे गिरिसाहित्य आजही त्याच कड्यावर अडकून पडले आहे.

येथे गैरसमज नको. त्या कथेचे तेज आम्हाला मान्य आहे. युद्धात, शत्रू समोर असताना, सोबत शेकडो माणसे असताना दोर कापण्याला अर्थ असतो. तेथे मागे फिरणारा एकटा वाचत नाही आणि इतरांनाही बुडवतो. परंतु बर्फाचा डोंगर हा शत्रू नव्हे. त्याला तुमचा पराभव करायचा नसतो; तुम्ही तेथे आहात हेही त्याला ठाऊक नसते. आणि जो एकटा गेला आहे त्याच्या मागे कोणी सूर्याजी उभा नसतो. युद्धातली नीती निसर्गात नेणे, आणि तेथून ती पुन्हा परीक्षेच्या खोलीत आणणे, हा विचारातला घोटाळा आहे. त्याला शौर्याचे नाव दिल्याने तो घोटाळा राहत नाही असे नाही.

शिवाय ज्यांच्या नावाने ही नीती सांगितली जाते त्यांचे चरित्र काय सांगते? कोंढाणा १६७० साली पुन्हा घ्यावा लागला, कारण १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना दिले गेले त्यांत तो होता. म्हणजे सिंहगडाच्या पराक्रमाच्या पाठीशी पाच वर्षांपूर्वीची एक थंड डोक्याने स्वीकारलेली माघार उभी आहे. १६६० साली पन्हाळ्याहून विशाळगडाकडे झालेला प्रवास ही वेढ्यातून निसटण्याचीच वाट होती. बाजीप्रभूंनी खिंड लढवली ती कोणाला तरी सुखरूप पोहोचता यावे म्हणून. १६६६ ची आग्र्याहून सुटका हा तर मराठी इतिहासातला सर्वांत मोठा परतीचा प्रवास. परत फिरण्याची, निसटण्याची आणि पुन्हा येण्याची एवढी समृद्ध परंपरा ज्या इतिहासात आहे, त्यातून आपण नेमका कापलेला दोर तेवढा उचलला. ही निवड इतिहासाने केलेली नाही. ती आपल्या वाचनाने केली आहे.

आता हिमालयाकडे येऊ. मराठी कल्पनाविश्वात हिमालयाला फार काळ दोनच कामे होती: तेथे संन्यासासाठी जायचे, किंवा त्याच्या रक्षणासाठी. 'हिमालयात जाणे' याचा रूढ अर्थच संसार सोडणे असा आहे. १९६२ साली यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे म्हटले गेले, आणि ते आजही म्हटले जाते. पाहण्यासाठी, चालण्यासाठी हिमालयात जाऊन त्यावर जिव्हाळ्याने लिहिणारे काका कालेलकर जन्माने सातारचे. त्यांनी १९१२ च्या सुमाराचा आपला हिमालयप्रवास लिहिला तो गुजरातीत, आणि मराठीने तो नंतर आपलासा केला. संन्यास काय किंवा युद्ध काय, दोन्हींत परतीचे तिकीट गृहीत नसते. त्यामुळे चालून परत येणारा साधा माणूस मराठी हिमालयात उशिरा आणि काहीसा संकोचत आला.

परंतु मुळातली परंपरा इतकी एकसुरी आहे काय? महाभारताचे महाप्रस्थानिक पर्व घ्या. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम असे एकेक जण गळून पडतात आणि युधिष्ठिर मागे न पाहता चालत राहतो. बर्फाच्या डोंगरावर एकट्याने चाललेला हा आपल्या वाङ्मयातला आदिपुरुष. आपण त्याचे मागे न पाहणे लक्षात ठेवले आणि पुढचे विसरलो. अगदी वर, स्वर्गाच्या दारात, सोबत आलेल्या कुत्र्याला सोडायचे नसेल तर प्रवेश नाही असे त्याला सांगितले जाते, आणि तो आत जाण्याचे नाकारतो. सर्वस्व देऊन गाठलेले ठिकाण एका सोबत्यासाठी सोडून द्यायला तो तयार होतो. कथेतले त्याचे मोठेपण चढण्यात नाही. माथा हाताशी असताना तो नाकारण्याच्या तयारीत आहे. हे वाचन आम्ही बाहेरून आणलेले नाही, ते कथेतच आहे.

एकट्याने हिवाळ्यात हिमशिखर चढणे म्हणजे प्रत्यक्षात काय असते हे समजून घ्यायचे तर नाओमी उएमुरा या जपानी माणसाकडे पाहावे लागते. १९७० साली एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या जपानी तुकडीत तो होता. त्याच वर्षी अलास्कातील डेनाली, म्हणजे माउंट मॅकिन्ले, हे ६,१९० मीटर उंचीचे शिखर त्याने उन्हाळ्यात एकट्याने गाठले. १९७८ साली कुत्र्यांच्या घसरगाडीने तो एकटा उत्तर ध्रुवावर गेला. १९८४ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा डेनालीवर गेला, या वेळी भर हिवाळ्यात. हिमनदीवर बर्फाखाली लपलेल्या भेगा असतात. तुकडीतले लोक एकमेकांना दोराने बांधून घेतात, एक आत गेला तर दुसरे धरतात. एकट्याला कोण धरणार? उएमुराने कमरेला आडव्या लांब बांबूच्या काठ्या बांधल्या होत्या, आपण भेगेत पडलो तर त्या काठावर अडकाव्यात म्हणून. आम्हाला हा बांबू फार बोलका वाटतो. एकट्याने जाणे म्हणजे सोबत्याची गरज संपणे नव्हे. सोबत्याचे काम कोणत्या तरी वस्तूवर, तयारीवर, आधी घेतलेल्या निर्णयावर सोपवणे होय.

१२ फेब्रुवारी १९८४ रोजी, आपल्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी, तो माथ्यावर पोहोचला. दुसऱ्या दिवशी रेडिओवरून त्याचा आवाज ऐकू आला. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही आणि त्याचा देहही सापडला नाही. शोध घेणाऱ्यांना खालच्या एका बर्फगुहेत त्याचे सामान आणि डायरी मिळाली. ती पुढे प्रसिद्ध झाली. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी यावर थोडे थांबावे. एकट्याने हिवाळ्यात डेनाली गाठणाऱ्या पहिल्या माणसाच्या हस्तलिखितात शिखर नाही. डायरी खाली राहिली, तो वर गेला. उरले आहे ते थंडीचे, खाण्याचे, झोपेचे, उद्या काय करता येईल याचे साधे लेखन. आपल्या रूढ कसोटीने ही डायरी अपुरी ठरावी. आमच्या मते शिखराचे एकही वाक्य नसताना ती जे सांगते ते आपल्या शेकडो सूर्योदयांना सांगता आलेले नाही.

थंडी माणसाला कशी मारते हेही शिकवणाऱ्याने जाणून घ्यावे, कारण त्यात निवेदनशास्त्राचा एक धडा आहे. शरीराचे तापमान उतरू लागले की थरथर सुटते, बोलणे अडखळते, हालचाली बेढब होतात आणि निर्णयशक्ती मंदावते. सोबती असेल तर त्याला हे दिसते. एकट्याला दिसत नाही, कारण पाहणारी बुद्धीच मंदावलेली असते. आपण कादंबरीच्या तासाला 'अविश्वसनीय निवेदक' ही संकल्पना समजावून सांगतो. बर्फात एकटा असलेला माणूस हा शरीरानेच अविश्वसनीय झालेला निवेदक आहे, आणि त्याचा एकमेव श्रोताही तोच आहे. म्हणून जाणते गिर्यारोहक परतण्याची वेळ खाली, डोके थंड पण शरीर गरम असताना ठरवतात: अमुक वाजले की, कुठेही असलो तरी, वळायचे. वर गेल्यावर सुचलेल्या निर्धारावर ते विश्वास ठेवत नाहीत. आमच्या साचेबंद वर्णनांत मात्र नेमका तोच, वर सुचलेला निर्धार कथेचा नायक असतो.

या शिस्तीचे उत्तम उदाहरण हिवाळ्यातले नाही, वसंतातले आहे; पण एकट्याचे आहे. योरान क्रॉप हा स्वीडनचा तरुण घरून सायकलने नेपाळला आला आणि कृत्रिम प्राणवायूशिवाय, स्वतःचे सामान स्वतः वाहून एव्हरेस्ट चढू लागला. ३ मे १९९६ रोजी शिखर सुमारे शंभर मीटर उरले असताना उशीर झाला म्हणून तो वळला. हजारो किलोमीटर सायकल चालवून आलेला माणूस शंभर मीटरांसाठी थांबतो, याहून कठीण वाक्य गद्यात लिहून दाखवावे! आठवडाभराने, १० मे रोजी, त्याच डोंगरावर आलेल्या वादळात आठ गिर्यारोहक मृत्यू पावले. त्यांतील काही जण ठरलेली परतीची वेळ उलटून गेल्यावरही वर चढत राहिले होते. क्रॉप २३ मे रोजी पुन्हा गेला आणि पोहोचला. दुसरे उदाहरण राइनहोल्ड मेसनरचे. १९७० साली नंगा पर्वतावरून उतरताना त्याने आपला भाऊ गमावला. १९७३ साली तो तेथे एकटा गेला आणि परतला, १९७७ साली पुन्हा गेला आणि परतला, १९७८ साली एकटा माथ्यावर पोहोचला. एकटेपणा पेलवला नाही हे त्याने लपवले नाही. १९७३ च्या त्या परतण्याविना १९७८ चा अर्थ लागत नाही. परतणे हा त्या लेखनाचा आतला कणा आहे.

यावर आमचे काही व्यवसायबंधू म्हणतील, हे दोघे शेवटी पोहोचलेच. तुम्ही पोहोचणाऱ्यांचीच उदाहरणे देता. आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर असे की, न पोहोचलेल्यांची उदाहरणे आम्हाला सहज मिळत नाहीत, कारण त्यांना कोणी लिहायला सांगितलेले नाही. आमच्या आरोपाचा हा पुरावाच समजावा. मराठवाड्यापुरते बोलायचे तर प्रा. मनीषा वाघमारे यांना २०१७ साली एव्हरेस्टचे शिखर हाकेच्या अंतरावर असताना खराब हवामानामुळे परतावे लागले. २०१८ च्या मे महिन्यात त्या माथ्यावर पोहोचल्या. सत्कार झाले ते २०१८ चे, आणि ते योग्यच झाले. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा मजकूर २०१७ च्या त्या उतरणीत असला पाहिजे असे आम्हाला वाटते. वर आहे ते दिसते आहे, पाय चालू शकतात, आणि तरी वळायचे आहे. त्या वळण्यात माणूस स्वतःशी काय बोलतो? हा प्रश्न विचारणारा संपादक मराठीत हवा.

शिखराखेरीज सारे शून्य असे मानले की काय होते, हे २०१६ साली दिसले. पुणे पोलीस दलातील एका दाम्पत्याने एव्हरेस्ट गाठल्याचा दावा केला. इतर गिर्यारोहकांनी शंका घेतल्या. छायाचित्रांत फेरफार असल्याचे निष्पन्न झाले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये नेपाळ सरकारने दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली. त्या वेळी सर्वांनी व्यक्तींना दोष दिला. आम्ही एवढेच विचारतो: परतीच्या छायाचित्रात कोणी कधी फेरफार केल्याचे ऐकले आहे काय? ज्या वस्तूला समाज किंमत देतो तिचीच नक्कल होते. बाकी सारे बाजारात शून्य ठरवून ठेवल्यावर खोट्या नाण्याचे आश्चर्य कशाचे?

एकट्याच्या अनुभवाला साक्षीदार नसतो, मग त्याची सत्यता कशी ठरवायची, हा प्रश्न मराठी गद्याला नवा नाही. किंबहुना मराठी गद्याचा आरंभच या प्रश्नाशी झाला आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात 'एकांक' नावाचा भाग आहे, तो चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाचा. साळबर्डीच्या डोंगरातील वास्तव्य त्यातच येते. त्या काळात सोबत कोणी शिष्य नव्हता. जे आहे ते चक्रधरांनी पुढे शिष्यांना सांगितलेले आणि शिष्यांनी स्मरलेले. म्हाइंभट एकेका शिष्याकडे जाऊन लीळा गोळा करतात. आणि या ग्रंथाच्या परंपरेत जेथे स्मरणात फरक पडतो तेथे दुसऱ्याचा पाठही नोंदवलेला आढळतो. तेराव्या शतकातील हा ग्रंथ एकट्याच्या कथेबाबत इतका जागरूक आहे की प्रसंग निरनिराळे आठवले गेले हेही तो झाकत नाही. एकविसाव्या शतकातील आमचा एकटा प्रवासी मात्र छायाचित्र लावतो आणि मोकळा होतो. अडखळणे, विसरणे, न कळणे यांना त्याच्या मजकुरात जागा नसते. त्याचे आदर्श म्हाइंभट असायला हवे होते.

इथवर आम्ही वाङ्मयाविषयी बोललो. आता वाङ्मयाबाहेरच्या नुकसानीविषयी. आमच्या वर्गांतून दरवर्षी काही मुले-मुली स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला जातात. जाताना गावात फलक लागतो, आई-वडील जमिनीच्या तुकड्यावर कर्ज काढतात, आणि आमच्यापैकीच कोणी तरी भाषणात शिखर, निर्धार आणि कापलेले दोर यांचा उल्लेख करतो. जागा मोजक्या असतात. बहुतेकांना परतावे लागते हे साधे अंकगणित आहे. चार-पाच वर्षांनी त्यांतला एखादा परत येतो तेव्हा एस. टी. स्थानकाजवळ आम्हाला पाहून तो रस्ता बदलतो. आमच्याशी त्याचे भांडण नसते. परत येण्याचे कोणतेही वाक्य त्याच्याजवळ नसते, एवढेच. 'जाऊन आलो' हे त्याला म्हणता येत नाही. 'राहिलो', 'हरलो', 'वाया गेलो' एवढेच म्हणता येते. मोहीम, चढाई, सर करणे हा शब्दसंच त्याला कोणी दिला? तो मराठीच्या तासाला दिला गेला, निबंधात दिला गेला, आणि त्यासोबत वळण्याची वेळ ठरवण्याची विद्या मात्र दिली गेली नाही. किती प्रयत्न, किती वर्षे, कोणत्या टप्प्यावर दुसरी वाट, हे निघण्यापूर्वी ठरवून जाणारा आणि ठरल्याप्रमाणे परतणारा मुलगा हा क्रॉपच्या जातीचा माणूस आहे. आपण त्याला पळपुटा म्हणतो.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्यांना परतायला शिकवाल तर निघणारच नाहीत. आमचा अनुभव उलट आहे. ज्याला परत येता येईल याची खात्री असते तोच लांब जातो. ज्याचे दोर कापलेले असतात तो एकदाच जातो. गिर्यारोहणाचा सारा व्यवहार हेच सांगतो: दोर, तळ, ठरलेली वेळ, खाली वाट पाहणारा माणूस. यांमुळे चढाई कमी धाडसी होत नाही, ती पुन्हा करता येते.

आणि मराठी भाषेत यासाठी शब्दच नाही असेही म्हणता येत नाही. युद्धाच्या परिभाषेत तो नाही, वारीच्या परिभाषेत आहे. पालखी पंढरपूरहून परत निघते तिला परतवारी म्हणतात. शेगावची पालखी जाताना आमच्या परभणी जिल्ह्यातून जाते आणि परतताना वेगळ्या वाटेने शेगावला पोहोचते. परतताना माणसे कमी असतात, माध्यमे नसतात, पण चालणे तेवढेच असते. वारीवरचे बहुतेक लेखनही पंढरपुरात लेखणी खाली ठेवते हा योगायोग नव्हे. तरीही परतणाऱ्या पालखीला हरलेली पालखी असे कोणी म्हणत नाही. एवढा निर्मळ शब्द घरात असताना आपण छावणीतले शब्द का वापरतो?

म्हणून आमचा आग्रह नेमका आहे. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना एकट्याच्या डोंगरावरील कोणत्याही मजकुराला तीन प्रश्न विचारावेत. परतण्याची वेळ निघण्यापूर्वी ठरली होती काय, आणि ती पाळली काय? या एकटेपणामागे कोण कोण आहे, हमाल, खेचरवाला, चहा देणारी बाई, वाट दाखवणारा गावकरी, आणि त्यांना मजकुरात नाव आहे काय? आणि चढणीला किती पाने, उतरणीला किती? तिसरा प्रश्न कोणाला यांत्रिक वाटेल; वाङ्मयीन मूल्य पानांवर मोजतात काय, असे विचारले जाईल. पानांवर मोजू नये हे खरे. परंतु ज्या प्रवासाचा अर्धा भाग उतरण असतो आणि अनेक अपघात उतरताना होतात, त्यातील उतरण जर सातत्याने गाळली जात असेल, तर गाळलेल्या जागेकडे बोट दाखवणे हे समीक्षेचे कामच आहे.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी एक तरी लेख अर्ध्यातून परतलेल्याकडून मागवावा. महाविद्यालयांनी प्रेरणादायी व्याख्यानमालेत एक दिवस अशा माणसासाठी ठेवावा, जो गेला, मागे फिरला आणि आज आपले काम नीट करतो आहे. त्याला सत्काराची शाल द्यावी आणि त्याने 'पण शेवटी मी पोहोचलोच' असे म्हणण्याची अपेक्षा ठेवू नये. मराठीच्या प्राध्यापकांनी निबंधाला 'माझे एव्हरेस्ट' हा विषय देणे काही वर्षे थांबवावे आणि 'मी परत आलो तेव्हा' हा द्यावा. उत्तरपत्रिका वाचताना आपल्याला आपल्या तालुक्याचे जेवढे कळेल तेवढे अहवालांतून कळणार नाही.

सिंहगडावरचा तो दोर कापला गेला, कारण तेथे तो कापणे आवश्यक होते. साडेतीन शतके उलटली. आता तो पुन्हा वळून, पिळून, गाठ मारून ज्याचा त्याच्या हाती देण्याचे काम मराठी शिकवणाऱ्यांचे आहे.